अप्राप्य नायकाचे प्रेम : अक्षता सोहळ्यापासून मालिकांपर्यंत

इतिहासातल्या नायकावर जीव जडवणे ही मराठी प्रेक्षकाची जुनी सवय आहे. ती नाटकाने लावली, कादंबरीने वाढवली आणि दूरचित्रवाणीने घरोघरी पोचवली. सोलापुरात मात्र या सवयीचा धागा नाटकाच्याही मागे, थेट बाराव्या शतकापर्यंत नेता येतो. कारण या शहराचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजेच एका प्रेमकथेचे दर वर्षी होणारे सादरीकरण आहे.

कुंभारकन्येचे लग्न

श्री सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. बाराव्या शतकातले हे शिवयोगी बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन होते. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि राघवांक या कवीने त्यांचे चरित्रही कन्नडमध्येच रचले. त्या काळी सोन्नलगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात त्यांनी तळे खोदवले आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते.

याच परंपरेत कुंभारकन्येची कथा आहे. रोज सिद्धरामेश्वरांचे अंगण झाडून रांगोळी घालणाऱ्या एका कुंभाराच्या मुलीचे मन त्यांच्यावर जडले आणि तिने त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. योग्याला संसार करायचा नव्हता. मुलीला परतवून लावणेही त्यांच्या मनाला पटेना. अखेर त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची तिला संमती दिली. पुढे तिने अग्नीत प्रवेश केला, असे आख्यायिका म्हणते.

शहराच्या या उत्सवात, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, ही कथा क्रमाने घडवली जाते. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, अक्षता सोहळा असतो. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. हे उंच, जड ध्वज तोलून धरायला सराव लागतो आणि तो आधीचे कित्येक दिवस चाललेला असतो. पांढरी बाराबंदी घातलेले हजारो भाविक ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’च्या गजरात सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यापाशी जमतात. संमतीचे वाचन होते आणि चारी बाजूंनी अक्षता पडतात. संक्रांतीच्या दिवशी होम मैदानावर होमप्रदीपन होते. बाजरीच्या पेंढीला कुंभारकन्येचे रूप देतात. तिला शालू नेसवतात, मणी-मंगळसूत्र, जोडवी आणि हार घालून नवरीसारखी सजवतात आणि मग ती होमाच्या स्वाधीन करतात. हळद-अक्षतांपासून अग्नीपर्यंतचा सगळा प्रवास दोन दिवसांत पुरा होतो.

लिंगायत, मराठा, पद्मशाली, धनगर, मातंग अशा अनेक समाजांतली माणसे या लग्नाला वऱ्हाडी म्हणून येतात. प्रेमकथा म्हणून पाहिले तर तिची घडण नेमकी आहे. नायक थोर आहे, पण मिळणारा नाही, कारण तो आधीच एका मोठ्या व्रताला बांधलेला आहे. नायिकेला ते ठाऊक आहे, तरी ती मागे फिरत नाही. तिच्या वाट्याला तो स्वतः येत नाही, त्याचे प्रतीक येते. पाहणाऱ्याचा जीव नायकावर जडतो, पण त्याला पाहायचे असते ते नायिकेच्या डोळ्यांनी. पुढच्या शतकांत मराठी माणसाने ज्या ज्या ऐतिहासिक नायकांवर प्रेम केले, त्यांतल्या बहुतेकांच्या कथेत हीच घडण पुन्हा भेटते.

आगगाडी आणि नाटक मंडळ्या

मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ने झाली. त्यानंतरची जवळजवळ दोन दशके रंगभूमीवर देव, दानव आणि ऋषी वावरत होते. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ प्रसिद्ध झाले आणि पुराणातल्या पात्रांच्या जागी इतिहासातला माणूस आला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६०मध्ये, जीआयपी रेल्वेची आगगाडी सोलापूरला पोचली होती.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दोहोंचा परिणाम एकाच प्रेक्षकावर झाला. रेल्वेमुळे सोलापूर मुंबई-पुण्याच्या टप्प्यात आले. १८७७मध्ये इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि तेलंगण, कर्नाटक आणि मराठवाड्यातून कामगार आले. पडदे, पेट्या आणि पोशाखांच्या गाठोड्यांसह गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना अशी रेल्वेवरची, पगारदार वस्तीची गावे हवीच असत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा कानावर असलेला प्रेक्षक त्यांना इथे मिळाला.

कीर्तन्यांच्या नाटकाचा नायक त्या प्रेक्षकाला फार दूरचा नव्हता. माधवराव वारले १७७२ साली आणि पेशवाई बुडाली १८१८ साली. नाटक आले तेव्हा पेशवाईच्या काळात जन्मलेली माणसे अजून हयात होती. पानिपतानंतर, १७६१मध्ये, सोळाव्या वर्षी पेशवेपदावर बसलेला मुलगा, काकाशी झुंजत राज्य सावरणारा कारभारी आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला राजयक्ष्म्याने गेलेला नवरा ही तिन्ही रूपे या एकाच माणसात होती. नाटकाचा शेवट शोकात होतो. मृत्यूने संपणारे नाटक संस्कृतच्या संकेतात बसत नसल्याने त्यावर टीका झाली. प्रेक्षकांनी मात्र तोच शेवट उराशी धरला. माधवरावांच्या पत्नी रमाबाई यांच्या सहगमनाच्या प्रवेशाला बायका रंगमंचाजवळ येऊन रमाबाईंची ओटी भरत, त्यांच्या पाया पडत, अशी आठवण रंगभूमीच्या जुन्या इतिहासात सांगितली जाते. ती भूमिका करणारा नट पुरुष असे, हे सर्वांना माहीत होते. तरीही होमापाशी हात जोडणाऱ्या सोलापूरकराला ओटी भरणाऱ्या त्या बायकांचे मन वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

पुढच्या संगीत नाटकाच्या काळात हे प्रेम नायकाकडून नायिकेकडे वळले. बालगंधर्वांच्या नायिकेची लुगडी, नथ आणि चालणे घरंदाज बायका पाहून शिकल्या. ‘मानापमान’मधला केशवराव भोसल्यांचा धैर्यधर गाजला, तो मुख्यतः त्यांच्या गाण्यामुळे. ऐतिहासिक नाटकाची वाट मात्र गद्याची राहिली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९मध्ये पुन्हा पेशवाई उभी केली, पण तिथे प्रेमापेक्षा राजकारण आणि न्याय यांना महत्त्व होते. प्रभातच्या ‘रामशास्त्री’ने १९४४मध्ये तोच काळ पडद्यावर आणला. त्यात रामशास्त्र्यांची भूमिका करणारे गजानन जागीरदार पुढे या कथेकडे पुन्हा परतणार होते.

१९६२ : एक वर्ष, दोन नायक

१९६२ हे वर्ष या इतिहासात वळणाचे ठरले. त्या एकाच वर्षी रणजित देसाई यांची ‘स्वामी’ कादंबरी आणि वसंत कानेटकर यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक आले.

‘स्वामी’ने कीर्तन्यांचाच नायक घेतला, पण कथेचा केंद्रबिंदू हलवला. देसायांनी मोहिमा आणि तह बाजूला सारले नाहीत. मात्र वाचकाला त्यांनी शनिवारवाड्याच्या आतल्या दालनात नेले. पूजा, पंगत, आजारपण, रुसवा, मोहिमेवर निघण्यापूर्वीचे दोन शब्द, यांतून रमा आणि माधव यांचे सहजीवन उभे राहिले. दौलतीचा मालक हा आधी दौलतीचा आणि मग घरचा. त्याच्या उरलेल्या वेळेवरच पत्नीचा हक्क. ही ओढाताण वाचकांना, विशेषतः स्त्रियांना, आपल्याच घरातली वाटली. १९६४मध्ये कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सोलापुरातल्या ग्रंथालयांचा कादंबरी वाचणारा वर्ग याच काळात वाढत होता, आणि ‘स्वामी’पाठोपाठ ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) आणि शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९) यांनी त्याला पुरवठा केला.

कानेटकरांच्या नाटकाने दुसऱ्या तऱ्हेचा नायक दिला. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे, बाप आणि मुलगा, यांच्यातला दुरावा हा त्याचा विषय. गोवा हिंदू असोसिएशनच्या या प्रयोगात मास्टर दत्ताराम शिवाजी होते आणि डॉ. काशिनाथ घाणेकर संभाजी. चिपळूणचे, व्यवसायाने दंतवैद्य असलेले घाणेकर या भूमिकेने एकदम प्रकाशात आले. त्यांचे घारे डोळे, आवाजातली धार आणि चटकन दुखावणारा स्वाभिमान यांनी प्रेक्षक भारावून गेले. श्रेयनामावलीच्या शेवटी ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ असे शब्द आले की नाट्यगृहात टाळ्या-शिट्ट्या सुरू होत. मराठी नाटकाला चित्रपटातल्यासारखा नायक, ज्याच्या नावावर तिकिटे खपतात असा, पहिल्यांदाच मिळाला. ‘इथे ओशाळला मृत्यू’ या १९६८च्या नाटकातही ते संभाजीच झाले. १९८६मध्ये अमरावतीच्या दौऱ्यावर असताना त्यांचे निधन झाले.

माधवरावांवरचे प्रेम हळवे होते, तर घाणेकरांच्या संभाजीवरचे तापलेले. दोघांत एक गोष्ट समान होती: दोघांचेही आयुष्य त्यांच्या स्वतःच्या हाती नव्हते. एकाला आजाराने आणि दौलतीने बांधले होते, दुसऱ्याला बापाच्या नावाने आणि पुढे येणाऱ्या मृत्यूने. शेवट आधीच माहीत असलेल्या नायकाचे प्रत्येक हसणे प्रेक्षकाला मोलाचे वाटते, हे या कथांच्या ताकदीचे खरे कारण आहे.

याच दशकात सोलापूरच्या मातीतली एक कलावतीही या परंपरेत आली. सोलापुरात जन्मलेल्या फैय्याज यांनी १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेबांची मुलगी झरीना साकारली. संस्थानी काळातल्या या संगीत नाटकात झरीनाचे मन वडिलांच्या घराण्याची विद्या शोधायला आलेल्या सदाशिवकडे ओढले जाते. घराण्याचा अभिमान आणि मनाचा ओढा यांच्यात सापडलेली ही मुलगी फैय्याज यांनी गाण्यातून आणि अभिनयातून उभी केली. २०१५मध्ये बेळगावला भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या.

नायक घरात येतो

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर ‘स्वामी’ मालिका आली. दिग्दर्शन गजानन जागीरदारांचे होते. रवींद्र मंकणी माधवराव झाले आणि किशोरवयीन मृणाल देव रमाबाई. मालिकेने कथेइतकीच पाहण्याची रीतही बदलली. नाटकाचा नायक दौरा आला तर वर्षातून एखाद्या रात्री भेटे. कादंबरीतला नायक ज्याच्या त्याच्या कल्पनेतला असे. मालिकेतला नायक ठरल्या वारी, ठरल्या वेळी, एकाच चेहऱ्याने घरात येऊ लागला. दोन भागांच्या मधल्या दिवसांत त्याच्याविषयी बोलायला आळीभर माणसे होती. मंकणींची शांत नजर आणि मृणाल देव यांचा कोवळा, समजूतदार चेहरा त्या पिढीसाठी रमा-माधव यांचेच चेहरे होऊन बसले.

त्या दोघांनी ही कथा पुढेही सोडली नाही. मृणाल देव, म्हणजे लग्नानंतरच्या मृणाल कुलकर्णी, यांनी २०१४मध्ये ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. आलोक राजवाडे आणि पर्ण पेठे रमा-माधव झाले. स्वतः मृणाल गोपिकाबाई झाल्या आणि एके काळचे माधवराव, रवींद्र मंकणी, नानासाहेब पेशवे झाले. ज्या प्रेक्षकाने तरुणपणी त्यांना नवरा-बायको म्हणून पाहिले होते, त्याने पन्नाशीत त्यांना पुढच्या पिढीचे आई-वडील म्हणून पाहिले. २०१९मध्ये ‘स्वामिनी’ या मालिकेने हीच कथा रमाबाईंच्या बाजूने, त्यांच्या बालपणापासून सांगायला घेतली.

मालिका घराघरांत पोचत होत्या त्याच काळात सोलापुरात जुळे सोलापूर ही वसाहत आकाराला आली. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यान, जुन्या शहराच्या दक्षिणेला घरकुलांच्या सोसायट्या उठत गेल्या. १९९२च्या हद्दवाढीने शहराची सीमाही विस्तारली. जुन्या पेठांतून, गिरणगावातून आणि आसपासच्या तालुक्यांतून कुटुंबे इथे राहायला आली. नोकरदार, शिक्षक आणि निवृत्त कर्मचारी यांची ही वस्ती. नाट्यप्रयोगासाठी हुतात्मा स्मृती मंदिर आणि सिनेमासाठी भागवत चित्रमंदिराचे आवार गाठायचे तर जुन्या शहरात जावे लागे. त्यामुळे संध्याकाळची मालिका ही इथली नित्याची करमणूक झाली आणि इतिहासातला नायक दिवाणखान्यातला पाहुणा झाला.

नवरा, गुरू आणि सेवासदन

झी मराठीवर मार्च २०१२मध्ये सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका या परंपरेत वेगळी उठून दिसते. तिचा नायक लढत नाही, राज्य करत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हा एकोणिसाव्या शतकातला सरकारी न्यायाधीश, अर्थशास्त्राचा अभ्यासक आणि सुधारक. १८७३ साली, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहाने त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने स्वतः मात्र लहान मुलीशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. मग त्यांनी घरातल्या बायकांचा विरोध असतानाही पत्नीला शिकवले. हा तपशील आज उपलब्ध आहे तो रमाबाईंनीच लिहून ठेवल्यामुळे. त्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले.

मालिकेत तेजश्री वालावलकर आणि नंतर स्पृहा जोशी रमाबाई झाल्या, तर विक्रम गायकवाड महादेवराव. पाटी पुढे सरकवणारा, चूक दाखवताना आवाज न चढवणारा नवरा पाहून बायकांच्या दोन पिढ्या एकाच वेळी हळव्या झाल्या. सासू म्हणे, आम्हाला असे कोणी शिकवले नाही. सून म्हणे, आजही असे कितीजण शिकवतात. या नायकाचे आकर्षण रूपात नव्हते, वागण्यात होते.

सोलापूरला ही कथा आणखी एका कारणाने जवळची आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनची शाखा सोलापुरातही आहे आणि इथल्या अनेक स्त्रिया सेवासदन प्रशालेत शिकल्या आहेत. ज्यांच्या शाळेमागे रमाबाईंचे नाव होते, त्यांना पडद्यावर ‘अ’ गिरवणारी रमा पाहताना आपल्या शिक्षणाचा उगम दिसला.

जिल्ह्याच्या भूमीवरच्या कथा

ऐतिहासिक मालिकांमधल्या घटनांचा मुलूख बहुधा पुणे, सातारा किंवा रायगडचा असतो. त्यांचे धागे मात्र सोलापूर जिल्ह्यातही गुंतलेले आहेत. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला, माचणूरच्या परिसरात, औरंगजेबाची छावणी १६९५पासून १६९९पर्यंत होती. संभाजी महाराजांच्या वधानंतर कैद झालेल्या येसूबाई आणि बालशाहू बादशाही छावणीबरोबरच फिरत होते. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेत अमोल कोल्हे यांनी साकारलेला संभाजी किंवा २०२५च्या ‘छावा’ चित्रपटातला संभाजी पाहून येसूबाईंसाठी हळहळणाऱ्या प्रेक्षकाच्या घरापासून त्यांच्या बंदिवासाची एक जागा फार दूर नाही.

पेशवाईचा शेवटही इथेच लिहिला गेला. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. ज्या दौलतीसाठी माधवराव झिजले, तिचा अस्त याच जिल्ह्याने पाहिला. पडद्यावरच्या नायकावर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाने माचणूर आणि आष्टीपर्यंत एकदा जाऊन यावे. त्या प्रेमाला तिथे जमिनीचा आधार मिळतो.

प्रेम आणि प्रश्न

या प्रेमकथांवर जीव लावताना काही गोष्टींकडे डोळेझाक होते, आणि त्या स्पष्ट बोलल्या पाहिजेत. रमाबाई पेशव्यांचे सहगमन रंगमंचावर भव्य दिसते. प्रत्यक्षात ते एका तरुण, निपुत्रिक विधवेचे जळणे होते. अशा मरणाविरुद्ध सुधारकांना लढावे लागले, कायदे करावे लागले. त्या काळी ओटी भरणाऱ्या प्रेक्षकाने त्यात पुण्य पाहिले. आजच्या प्रेक्षकाला त्यात वेदना दिसली, तर ते त्याचे रसिकपण कमी झाल्याचे लक्षण नव्हे. बालविवाहाचेही तेच. छोट्या रमेच्या निरागसतेवर हसताना तिचे बालपण कोणी काढून घेतले, हा प्रश्न विसरता कामा नये.

गेल्या दोन दशकांतल्या मालिकांनी हा प्रश्न काही प्रमाणात मनावर घेतलेला दिसतो. कथेची दिशा नायकाकडून नायिकेकडे वळली आहे. ‘थोरले माधवराव पेशवे’पासून ‘स्वामी’, ‘रमा माधव’ आणि ‘स्वामिनी’पर्यंत नावे नुसती ओळीने वाचली तरी हा प्रवास कळतो: आधी फक्त तो, मग ते दोघे, मग ती. नायक अजूनही अप्राप्यच आहे, दौलतीला किंवा कार्याला वाहिलेला. पण नायिका आता केवळ वाट पाहणारी राहिलेली नाही. ती शिकते, कारभारात बोलते, आठवणी लिहिते.

सोलापूरच्या प्रेक्षकाला हा बदल परका वाटण्याचे कारण नाही. ज्या शहराचा मुख्य उत्सव एका कुंभाराच्या मुलीच्या हट्टामुळे सुरू झाला, तिथे नायिकेच्या इच्छेला पूर्वीपासूनच स्थान आहे. सिद्धरामेश्वरांची थोरवी सांगताना परंपरेने त्या मुलीला वगळले नाही. तिला शालू दिला, अक्षता दिल्या, तिची आठवण दर वर्षाची केली. तिचा शेवट आज कोणी आदर्श मानू नये. पण महापुरुषाची कथा त्याच्यावर प्रेम करणाऱ्या स्त्रीशिवाय पुरी होत नाही, हे या गावाने नाटक-मालिकांच्या कितीतरी आधी मान्य केले आहे.